खिळलेला देह, दौडती लेखणी

ऐतिहासिक कादंबरीवर मराठी वाचकाचा जीव फार जुना आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली, ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ १९६३ मध्ये, तर विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये. या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि कादंबरी म्हटले की तलवार, किल्ला आणि खलिता हे समीकरण कित्येक घरांत पक्के झाले. परंतु या आवडीचा पाया त्यांच्याही अर्धशतकाआधी घातला गेला होता. तो घालणाऱ्यांत हरिभाऊ आपटे यांच्यानंतर ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते नाथमाधव आज ग्रंथालयातील जुन्या कपाटापुरते उरले आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत मात्र त्यांच्या कादंबऱ्यांची वाट पाहणारा मोठा वाचकवर्ग महाराष्ट्रात होता. घोड्यांच्या टापा आणि गडांचे चढ ज्याने या वाचकांना दाखविले, त्या लेखकाचा देह कमरेखाली लुळा होता, हे त्यांतील किती जणांना ठाऊक होते कोण जाणे!

द्वारकानाथ माधवराव पितळे यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातील ‘माधव’ जोडून पुढे त्यांनी ‘नाथमाधव’ हे लेखननाम घेतले. शालेय शिक्षण फारसे लांबले नाही. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. लेखक होण्याची कोणतीही पूर्वचिन्हे या आयुष्यात दिसत नाहीत. शिकारीचा आणि भटकंतीचा नाद असलेला, अंगाने धडधाकट असा हा तरुण आपल्या पिढीतील इतर हजारो नोकरदारांसारखाच चाकोरीत स्थिरावला असता.

१९०५ मध्ये हे सारे पालटले. शिकारीसाठी ते सिंहगडावर गेले असता कड्यावरून कोसळले. प्राण वाचले, पण कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. वय अवघे तेविशीच्या आसपास. ज्या गडावर १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कडा चढून प्राणार्पण केले आणि ज्या पराक्रमावर हरिभाऊंची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी त्या अपघाताच्या थोडीच वर्षे आधी वाचकांच्या हाती आली होती, त्याच गडाने या तरुणाचे चालणे कायमचे हिरावून घेतले. पाठीच्या कण्याच्या दुखापतीवर त्या काळी इलाज जवळपास नव्हता. पडून राहणे आणि दिवस मोजणे, एवढेच समोर उरले होते.

या पडून राहण्यातूनच त्यांचे वाचन वाढले. मराठी कादंबरीचे वय तेव्हा पन्नास वर्षांचेही नव्हते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये मराठीत ऐतिहासिक कादंबरीचा प्रारंभ केला आणि हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्या देऊन तिला प्रौढपण आणले. इंग्रजी शिकलेल्या तरुणांत सर वॉल्टर स्कॉट यांच्याबरोबरच, किंबहुना त्यांच्यापेक्षा अधिक, जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या लेखकाची चलती होती. इंग्लंडमध्ये समीक्षकांनी हलक्या दर्जाचा ठरविलेला हा लेखक हिंदुस्थानात घरोघरी वाचला जात होता. गुप्त वाटा, वेषांतरे, हरवलेले वारस, प्रकरणाच्या शेवटी वाचकाला टांगणीला लावणारे प्रसंग ही त्याची हातोटी. रुग्णशय्येवर पुस्तकांत बुडालेल्या माणसाने या साऱ्यातून एक गोष्ट नेमकी उचलली. वाचक पान का उलटतो, हे त्याला कळले. कारण पुढच्या पानासाठी जगणे म्हणजे काय, याचा अनुभव तो स्वतःच घेत होता.

१९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’ आली. ही वर्षे मराठी मुलखात धामधुमीची होती. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. १९१० मध्ये वृत्तपत्रांना जखडणारा कायदा आला, त्याच वर्षी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली. महाभारतातील कीचकाच्या आडून व्हाइसरॉय कर्झनवर निशाणा साधला गेल्याचे सरकारच्या ध्यानात आले होते. वर्तमानाविषयी बोलणे अवघड झाले की समाज भूतकाळाच्या भाषेत बोलू लागतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातून हत्यार काढून घेतले होते. तीन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या घरी भाले आणि ढाली होत्या, त्यांचे नातू आता कचेऱ्यांत कारकुनी करीत होते. त्यांच्या हाती तलवार यायची ती कादंबरीच्या पानातच.

मात्र ऐतिहासिक आणि अद्भुतरम्य कादंबरीची मोहिनी केवळ तलवारीत नव्हती. तिचे दुसरे कारण अधिक घरगुती आणि अधिक खोलवरचे होते. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ च्या ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत ते जवळजवळ उघड करून ठेवले होते. आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात कादंबरीला लागणारे नवल सापडत नाही, विशेषतः विवाहाची रीत तशी असल्याने, अशी त्यांची अडचण होती. ही अडचण खरी होती. मुलगी दहा-बारा वर्षांची होण्याआधीच तिचे लग्न लागलेले असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारावर नेली, तर त्यावर केवढे वादळ उठले! अशा समाजात दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना पाहावे, पारखावे, निवडावे आणि त्यासाठी झगडावे, ही गोष्ट समकालीन कथेत बसवायची कशी? त्यामुळे लेखकांनी प्रेमाला गतकाळात नेले. राजकन्येला उशिरापर्यंत अविवाहित राहता येत होते, सरदाराच्या मुलीला घोड्यावर बसता येत होते, संकटात सापडलेल्या नायिकेला परपुरुषाशी बोलता येत होते. जे वाड्याच्या माजघरात अशक्य होते, ते किल्ल्याच्या तटावर शक्य झाले. इतिहासाच्या पोशाखात आले म्हणून प्रेमाला घरात प्रवेश मिळाला आणि ज्या घरात कादंबरी वाचणे हे मुलींच्या बिघडण्याचे लक्षण मानले जाई, तिथेही शिवकालीन कथा उघडपणे वाचली जाऊ लागली.

नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने हे सूत्र पुरेपूर वापरले. १९१३ मध्ये आलेली ही कादंबरी काटेकोर अर्थाने ऐतिहासिक नाही. तिच्यातील राज्ये बखरीत सापडत नाहीत. पण पराक्रम, कारस्थान, विरह आणि अखेरीस न्यायाचा विजय हा तिचा मसाला वाचकांना इतका भावला की, नाथमाधव म्हणजे ‘वीरधवल’कार ही ओळख त्यांना कायमची चिकटली. पुढे कित्येक पिढ्यांनी ती शाळकरी वयात, परीक्षेच्या पुस्तकाखाली लपवून वाचली. या कादंबरीचा नायक संकटात पडतो, पण खचत नाही. वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. त्याच्या या अखंड धावपळीत, स्वतः कूसही सहजी बदलू न शकणाऱ्या लेखकाची तळमळ वाचायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इतके मात्र खरे की, आपल्या दुःखाचे भांडवल नाथमाधवांनी कथेत केले नाही. वाचकांपुढे त्यांनी ठेवला तो धावणारा माणूस.

ते केवळ अद्भुताचेच लेखक होते, असेही नाही. ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’, ‘विहंगवृंद’, ‘विमलेची गृहदशा’ आणि तीन भागांतील ‘डॉक्टर’ या त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांतून स्त्रियांचे शिक्षण, पुनर्विवाह, कुटुंबातील जाच हे विषय येतात. त्यांची बाजू सुधारणेची होती. अद्भुतरम्य कादंबरीत ज्या नायिकेला त्यांनी बोलते केले, तिच्या वाट्याला प्रत्यक्षातही काही यावे, अशी त्यांची इच्छा होती, हे या दोन प्रकारच्या लेखनाला एकत्र ठेवले की ध्यानात येते.

हरिभाऊ आपटे ३ मार्च १९१९ रोजी गेले. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, टिळक गेले. महात्मा गांधींच्या असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला आणि स्वराज्य हा शब्द सभांतून, प्रभातफेऱ्यांतून, तुरुंगाच्या दारातून ऐकू येऊ लागला. नेमक्या याच सुमारास, १९२१ मध्ये, नाथमाधवांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यामागून ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्याची घटना’ आणि ‘स्वराज्यातील दुफळी’ अशा एकूण सात कादंबऱ्या १९२८ पर्यंत आल्या. शिवकाल सलगपणे कथेत बांधण्याचा हा प्रयत्न मराठीतील मोठ्या उपक्रमांपैकी एक ठरला. शीर्षकांचा क्रम पाहिला तरी लेखकाची दृष्टी कळते. श्रीगणेशा, स्थापना, कारभार, संकट आणि शेवटी दुफळी. स्वराज्य मिळविण्याची गोष्ट सांगतानाच ते चालविण्याची आणि बिघडण्याचीही गोष्ट त्यांना सांगायची होती. १९२० च्या दशकातील वाचकाने या शब्दांतून दुहेरी अर्थ काढला नसेल, असे मानणे कठीण आहे.

हा वाचक कोण होता? १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातील जेमतेम सहा माणसे साक्षर होती. तरीही कादंबरी साक्षरांपुरती राहिली नाही. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, ही पोथीवाचनाची सवय मराठी घरांना होतीच. पुराणिकाच्या जागी कादंबरी वाचणारा शाळकरी मुलगा आला, इतकेच. पुस्तके मुंबई-पुण्यात छापली जात आणि टपालाने, आगगाडीने दूरवर जात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्येच सोलापूरला पोहोचला होता. दौंड ओलांडून गाडी भीमेच्या खोऱ्यात शिरली की जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान केम लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. सह्याद्रीचे उत्तुंग गड या मैदानी मुलखात नाहीत. इथला इतिहास भुईकोटांचा आहे. करमाळ्याचा कोट रावरंभा निंबाळकरांचा, तर पूर्वेला परांड्याचा किल्ला निजामशाहीच्या काळात काही दिवस राजधानीचा मान मिळविलेला.

या मुलखातील इतिहास मात्र कादंबरीइतका सरळ नाही. करमाळ्याचे निंबाळकर मराठे, कमलाभवानीचे भक्त आणि तिचे मंदिर उभारणारे. पण त्यांची चाकरी हैदराबादच्या निजामाकडे होती. कोण आपले आणि कोण परके, याचे उत्तर तिथल्या तटबंदीला विचारले तर गोंधळात टाकणारे मिळेल. ऐतिहासिक कादंबरी हा गोंधळ मिटविते. तिच्यात इमानी आणि फितूर यांच्यातील रेषा ठळक असते, अन्यायाचा हिशेब शेवटच्या प्रकरणात चुकता होतो आणि ताटातूट झालेली माणसे पुन्हा भेटतात. दुष्काळ, सावकार आणि कचेरीच्या फेऱ्यांत ज्याच्या आयुष्यातील एकही हिशेब कधी चुकता होत नाही, अशा माणसाला दिवेलागणीनंतर हा हिशेब ऐकावासा वाटला, यात नवल नाही. सोलापूर जिल्ह्याच्या पाचवीला अवर्षण पुजलेले. पुढे काय होणार, हे आभाळाच्या हाती. कादंबरीत मात्र पुढे काय होणार, ते लेखकाच्या हाती असते आणि तो लेखक दगा देणार नाही, असा भरवसा असतो.

हाच भरवसा नाथमाधवांचे बलस्थान होता आणि मर्यादाही. समीक्षकांनी त्यांच्या पदरात दोषांचे माप घातले ते अगदीच निराधार नव्हते. योगायोगांची गर्दी, चांगल्या-वाईटाची बाळबोध विभागणी, संवादांचा पसरटपणा, इतिहासाशी घेतलेली सलगी हे सारे त्यांच्या लेखनात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात युरोपातील थोर कादंबरीकारांना सोडून रेनॉल्ड्सच्या मागे लागणाऱ्या मराठी लेखकांबद्दल नापसंती व्यक्त केली होती. नाथमाधवांचे लेखन त्यानंतरचे असले तरी ती नापसंती त्यांनाही लागू पडते. इतिहासकाराचा आक्षेप तर अधिक गंभीर आहे. कादंबरीतील कल्पित प्रसंग दोन पिढ्यांत लोकस्मृतीत मुरतो आणि मग कागदपत्रे दाखवूनही तो निघत नाही. या धोक्याची किंमत महाराष्ट्राने वेळोवेळी मोजली आहे. ऐतिहासिक व्यक्तींच्या चित्रणावरून उठलेले वाद पाहिले की, मनोरंजनासाठी लिहिलेली कथा केव्हा श्रद्धेच्या जागी जाऊन बसते, याचा नेम राहत नाही, हे पटते.

तरीही या आवडीला निव्वळ पलायन म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. पलायन करणारा वाचक पुस्तक मिटून आहे तिथेच राहतो. नाथमाधवांच्या वाचकांच्या बाबतीत तसे घडले नाही. निवड करणारी, बोलणारी नायिका पानांतून भेटत राहिली, त्याच वर्षांत मुली शिकू लागल्या होत्या. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९२९ मध्ये शारदा कायदा संमत होऊन मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. कादंबरीने हे घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण वेगळे आयुष्य कसे दिसेल, याची कल्पना करण्याची सवय तिने घराघरांत लावली. सुधारकांची व्याख्याने जिथे पोहोचत नव्हती, तिथे ‘वीरधवल’ पोहोचली होती.

काळ बदलला तशी वाचकाची रुचीही बदलू लागली. १९२५ मध्ये ना. सी. फडके यांची ‘कुलाब्याची दांडी’ आली. शहरी, सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रेम आता समकालीन कथेत मावू लागले. प्रेमासाठी शतके मागे जाण्याची गरज उरली नाही. नाथमाधवांच्या पद्धतीची कादंबरी त्यामुळे हळूहळू किशोरवयाची मानली जाऊ लागली. हा बदल पुरता पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २१ जून १९२८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांतली तेवीस वर्षे चालती-फिरती गेली, उरलेली तेवीस अंथरुणावर. त्यांच्या नावावरील एकूण एक पुस्तक या दुसऱ्या तेवीस वर्षांतले आहे.

ऐतिहासिक कादंबरी मात्र संपली नाही. प्रेमासाठी भूतकाळाची गरज सरली तरी भव्यतेसाठी ती उरली. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राने माधवराव पेशव्यांच्या अल्पायुषी कारकिर्दीत, रमाबाईंच्या सहगमनात आणि पानिपतच्या पराभवात स्वतःला शोधले. पुढच्या लेखकांनी कागदपत्रांचा अभ्यास वाढविला, भाषा घोटीव केली, व्यक्तिरेखांना अंतर्मन दिले. नाथमाधवांपेक्षा ते सरस ठरले, यात शंका नाही. परंतु जाड पुस्तक हाती घेऊन रात्र जागविणारा वाचक त्यांना आयता मिळाला. तो घडविणाऱ्यांत हरिभाऊंच्या बरोबरीने नाथमाधवांचा वाटा आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ‘वीरधवल’ आणि स्वराज्यमालेच्या जुन्या प्रती अजूनही आढळतात. बांधणी उसवलेली, पाने पिवळी पडलेली आणि कोपरे बोटांनी झिजलेले. लेखकाच्या कीर्तीचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा दुसरा कोणता असणार? साहित्याच्या इतिहासात त्यांना एखाददुसरा परिच्छेद मिळतो. त्या झिजलेल्या कोपऱ्यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.